पाणी जिथे मिसळतं

१२ मे १९९८. फ्रान्सच्या पश्चिम भागात व्हिएन नदीच्या काठी सिवो नावाचं अणुवीज केंद्र आहे. तिथली पहिली अणुभट्टी १,४५० मेगावॉटची, त्या काळातल्या जगातल्या सर्वांत मोठ्या अणुभट्ट्यांपैकी एक. तिची वीज जाळ्यात येऊन सहा महिनेही झाले नव्हते. त्या संध्याकाळी अणुभट्टी बंद होती. बंद केलेल्या अणुभट्टीतलं इंधन मात्र लगेच थंड होत नाही, त्यातून उष्णता निघतच राहते. ती काढून घेण्यासाठी पाणी फिरवणारी वेगळी यंत्रणा असते. त्या यंत्रणेच्या पाइपातल्या एका एल्बोला, म्हणजे वळणाच्या तुकड्याला, १८ सेंटीमीटर लांबीची आरपार भेग गेली आणि तासाला सुमारे ३० घनमीटर, म्हणजे ३०,००० लिटर पाणी बाहेर पडू लागलं. गळती नेमकी कुठे आहे हे शोधून पाइपचा तो भाग वेगळा करेपर्यंत रात्र सरली. पाणी अणुभट्टीच्या इमारतीतच राहिलं, तरी अणुघटनांच्या आंतरराष्ट्रीय मोजपट्टीवर या घटनेला दुसरी पातळी दिली गेली.

पाइप जुना नव्हता, गंजलेला नव्हता. त्याच्यावर ठरलेल्यापेक्षा जास्त दाबही आलेला नव्हता. धातू होता स्टेनलेस स्टील, ३०४एल जातीचं, ज्याच्यावर रासायनिक कारखान्यांपासून दूध डेअऱ्यांपर्यंत सगळ्यांचा भरवसा असतो. मग काही महिन्यांत तो फाटला कसा? या प्रश्नाचं उत्तर शोधताना अणुवीज केंद्रांतल्या पाइपांच्या तपासणीची दिशाच बदलली. हे प्रकरण त्या उत्तराविषयी आहे.

आधी साधी गोष्ट. धातू तापला की वाढतो. दहा मीटर लांबीचा स्टेनलेस स्टीलचा पाइप ३० अंशांवरून ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवला तर तो सुमारे साडेचार सेंटीमीटरने लांबतो. दोन्ही टोकं घट्ट बांधलेली असतील तर ही वाढ कुठेतरी जिरावी लागते, आणि मग पाइप वाकतो, आधार उखडतो किंवा जोडावर भयंकर ताण येतो. पाइपचं डिझाइन करणाऱ्यांना हे पहिल्या दिवसापासून माहीत असतं. म्हणून पाइप सरळ न नेता वळणं देऊन नेतात, स्प्रिंगच्या हँगरवर टांगतात, हलायला जागा ठेवतात. अशा स्प्रिंग हँगरवर एक छोटी पट्टी असते. तिच्यावर गार असताना काटा कुठे असावा आणि गरम झाल्यावर कुठे, याच्या दोन खुणा असतात. केंद्र चालू होण्याआधी आणि नंतर या खुणा पाहत फिरणं ही पाइपांची सर्वांत जुनी तपासणी. ती आजही तितकीच कामाची आहे.

एकसारखा आणि सावकाश तापणारा पाइप शहाण्यासारखा वागतो. घोटाळा होतो तो एकाच पाइपचा एक भाग तापलेला आणि दुसरा गार असतो तेव्हा. आतल्या भिंतीला अचानक गार पाणी लागलं की तिथला पातळ थर आकसू पाहतो, पण मागचा जाड गरम धातू त्याला आकसू देत नाही. त्या थरात ओढ निर्माण होते. स्टेनलेस स्टीलमध्ये ही ओढ तापमानाच्या प्रत्येक अंशामागे सुमारे साडेचार मेगापास्कल धरता येते. म्हणजे आतला थर एकदम ५० अंशांनी गार पडला तर २०० मेगापास्कलच्या वर ताण. ३०४एल स्टील कायमचं ताणलं जायला साधारण तेवढाच पुरतो. त्यात स्टेनलेस स्टील उष्णता फार हळू पुढे नेतं. साध्या पोलादाच्या तुलनेत त्याची उष्णता वाहण्याची क्षमता जेमतेम एक तृतीयांश. त्यामुळे आतला थर गार आणि मागचा गरम ही स्थिती टिकून राहते. गंजू नये म्हणून निवडलेला धातू इथे मात्र अडचणीचा ठरतो.

एकदा असा ताण आला म्हणून पाइप फुटत नाही. पुन्हा पुन्हा आला तर धातू थकतो. हा थकवा मोजण्याची पद्धत जुनी आहे. पाइपच्या आयुष्यात कोणता झटका किती वेळा बसेल याचा अंदाज घ्यायचा, धातू तो किती वेळा सोसेल याने भागायचा, आणि सगळ्या भागाकारांची बेरीज एकच्या वर जाऊ द्यायची नाही. अमेरिकी बनावटीच्या दाबयुक्त पाण्याच्या अणुभट्ट्यांसाठी, उदाहरणार्थ, ४० वर्षांत अणुभट्टी २०० वेळा तापवली आणि गार केली जाईल असं धरलेलं असे. वर्षाला पाच वेळा. हिशेब चोख होता. पण त्यात फक्त माणसाने घडवून आणलेले बदल होते. चालू केलं, बंद केलं, क्षमता कमी-जास्त केली. पाइपच्या आत पाणी स्वतःहून काय करत असेल ते कोणी धरलंच नव्हतं.

सिवोमध्ये जे घडलं ते इथेच. उष्णता काढणाऱ्या यंत्रणेत काही पाणी थंड करणाऱ्या उपकरणातून जातं आणि काही पाणी त्याला वळसा घालून तसंच गरम पुढे येतं. दोन्ही प्रवाह एका टी जोडाशी भेटतात. अणुभट्टी किती वेगाने गार करायची हे या दोन प्रवाहांचं प्रमाण बदलून ठरवता येतं, म्हणून ही रचना सोयीची. पण १८० अंशांपर्यंतचं गरम पाणी आणि त्याहून कितीतरी गार पाणी भेटल्यावर ते लगेच एकजीव होत नाही. भोवरे उठतात, गरम पाण्याचे आणि गार पाण्याचे लोळ आळीपाळीने भिंतीला चाटत जातात. टीच्या लगेच पुढे एल्बो होता. त्याच्या आतल्या भिंतीला क्षणात गरम, क्षणात गार असे हेलकावे बसत होते.

या हेलकाव्यांचा वेग फार महत्त्वाचा. सेकंदाला दहा-वीस वेळा तापमान बदललं तर धातूला ते कळतही नाही, पृष्ठभागावरच विरून जातं. तासाला एकदा बदललं तर सगळी भिंत हळूहळू त्याच्याबरोबर जाते आणि ताण फारसा येत नाही. सर्वांत वाईट म्हणजे मधला टप्पा: सेकंदाला एक ते दहा सेकंदांना एक. उष्णता भिंतीत थोडी शिरते, पण पलीकडे पोचत नाही. सिवोच्या त्या भागाने तापमानातल्या मोठ्या फरकाखाली सुमारे १,५०० तास काढले होते. सेकंदाला एक हेलकावा धरला तर ते होतात ५४ लाख. कागदावरच्या २०० झटक्यांशेजारी हा आकडा ठेवून पाहावा.

फुटलेला एल्बो प्रयोगशाळेत गेला तेव्हा आतल्या पृष्ठभागावर बारीक भेगांचं जाळं दिसलं, दुष्काळी शेतातल्या जमिनीसारखं. असं जाळं बहुतेक वेळा काही मिलिमीटर खोलीवर थांबतं, कारण तापमानाचा हेलकावा तेवढ्याच खोलीपर्यंत पोचतो. पण जिथे वेल्ड असतं, धातूला खाच किंवा उंचवटा असतो, तिथे जाळ्यातली एखादी भेग पुढे निघते. सिवोचा एल्बो दोन अर्धगोल तुकडे लांबीच्या दिशेने जोडून केलेला होता, आणि भेग त्या जोडाच्या अंगानेच गेली. याच धाटणीच्या चारही अणुभट्ट्यांमध्ये, सिवोच्या दोन आणि शो गावच्या दोन, ही यंत्रणा बदलावी लागली. नवे एल्बो लांबीच्या जोडाविना बनवले गेले, वेल्ड घासून सपाट केले गेले. मग फ्रान्सच्या इतर केंद्रांतही पाणी मिसळण्याच्या जागा तपासल्या, तेव्हा तसलीच जाळी अनेक ठिकाणी सापडली. ती सगळी केंद्रं त्या दिवसापर्यंत सुरळीत चालली होती.

खरं तर सूचना आधी मिळाल्या होत्या. ९ डिसेंबर १९८७ रोजी अमेरिकेत अलाबामातल्या फार्ली केंद्राच्या दुसऱ्या अणुभट्टीत आणीबाणीच्या वेळी थंडावा देणारं पाणी सोडण्याच्या पाइपला, एल्बोजवळच्या वेल्डमध्ये, भेग सापडली. तो पाइप एरवी वापरातच नसतो, त्यात पाणी उभं असतं. मग थकवा कसला? एक बंद व्हॉल्व्ह पुरता बंद नव्हता. त्यातून गार पाणी झिरपत होतं आणि दाब इतका होता की पुढची एकदिशा झडप उघडून ते गरम मुख्य पाइपाच्या दिशेने सरकत होतं. नंतर पाइपवर तापमापक लावले तेव्हा त्याच एका पाइपच्या माथ्यावर आणि तळाशी १०० अंश सेल्सिअसपेक्षा जास्त फरक दिसला. पुढच्याच वर्षी जूनमध्ये बेल्जियमच्या तिआंज आणि जपानच्या गेनकाई केंद्रांत तशाच जातीच्या भेगा निघाल्या. त्याच महिन्यात अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाने सर्व केंद्रांना पत्रक काढून असे पाइप शोधा, तपासा असं सांगितलं.

माथा गरम आणि तळ गार ही गोष्ट ज्याने गार पाण्याच्या बादलीत गीझरचं पाणी हळूच सोडून मग हात घातला आहे, त्याला वेगळी सांगायला नको. आडव्या पाइपात पाणी संथ असेल तर तिथेही असेच थर पडतात. माथा तापून लांबतो, तळ गार राहून आखूड राहतो, आणि सगळा पाइप कमानीसारखा वाकतो. अमेरिकेत ओरेगॉनमधल्या ट्रोजन केंद्रात याचं फार बोलकं उदाहरण घडलं. अणुभट्टीतला दाब राखणारं एक उभं पात्र असतं, प्रेशरायझर. त्यातलं पाणी साधारण ३४५ अंशांवर ठेवलेलं असतं. ते पात्र मुख्य पाइपला जिच्यातून जोडतात ती सर्ज लाइन. केंद्र चालू करताना तिच्या दोन टोकांच्या तापमानात दीडशे अंशांपर्यंतचा फरक असू शकतो. ट्रोजनमध्ये १९८२ पासून, इंधन बदलण्याच्या प्रत्येक वेळी, ही लाइन अपेक्षेपेक्षा वेगळीच हललेली दिसत होती. कर्मचारी मोजत होते, नोंदवत होते, आधारांमधल्या फटी पुन्हा जुळवत होते. गणित मात्र जुळत नव्हतं, कारण गणितात पाइपचं तापमान घेराभर सारखंच धरलेलं होतं. डिसेंबर १९८८ मध्ये आयोगाने याबद्दलही सर्व केंद्रांना पत्रक पाठवलं. कुणी तरी हातात मोजपट्टी घेऊन दर वेळी तीच फट मोजत राहिलं, म्हणून हे कळलं. मला या सगळ्या इतिहासात हे मोजणाऱ्यांचं काम सर्वांत मोलाचं वाटतं.

आता प्रत्यक्ष भेग शोधण्याकडे वळू. औष्णिक थकव्याची, म्हणजे गरम-गार हेलकाव्यांनी धातू थकून पडलेली, भेग आतून सुरू होते, आणि आत कोणाला जाता येत नाही. पाइपवर रंगद्रव लावून भेगा उठवण्याची डीपी टेस्ट बाहेरच्या पृष्ठभागावर छान चालते, इथे मात्र ती उपयोगी पडेपर्यंत उशीर झालेला असतो. क्ष-किरणांनी वेल्डमधली हवेची पोकळी दिसते, पण केसासारखी मिटलेली भेग किरणांच्या दिशेत नसेल तर निसटते. राहतं ते यूटी, म्हणजे कानाला न ऐकू येणाऱ्या ध्वनीने केलेली तपासणी.

केंद्र बंद झाल्यावर, किरणोत्साराची मोजणी होऊन आत जायची परवानगी मिळाल्यावर, आधी पाइपवरचं लॅगिंग, म्हणजे उष्णतारोधक आवरण, काढतात. वेल्डची जागा घासून स्वच्छ करतात. तंत्रज्ञ तिथे जेल लावतो, कारण मध्ये हवेचा थर राहिला तर ध्वनी धातूत शिरतच नाही. मग काडेपेटीएवढा प्रोब वेल्डच्या बाजूला टेकवून तो मागे-पुढे, किंचित डावी-उजवीकडे वळवत सरकवतो. ध्वनी तिरपा आत जातो, आतल्या भिंतीवर आदळतो, परततो. स्टेनलेस स्टीलमध्ये तो सेकंदाला सुमारे ५,७०० मीटर वेगाने जातो, म्हणून २७ मिलिमीटर जाडीची भिंत सरळ ओलांडून परत यायला त्याला दहा मायक्रोसेकंदही लागत नाहीत. पडद्यावर एक उंचवटा उठतो. तो भेगेचा, की वेल्डच्या मुळाशी असलेल्या साध्या कडेचा? दोन्ही जवळपास एकाच जागी, एकाच वेळी दिसतात. प्रोब मागे नेताना उंचवटा पडद्यावर सरकतो का, त्याच्या आधी भेगेच्या टोकाचा एखादा बारीक प्रतिध्वनी येतो का, वेल्डच्या दुसऱ्या बाजूने पाहिल्यावर काय दिसतं, यावरून निर्णय होतो. खोली मोजायची ती त्या टोकाच्या क्षीण प्रतिध्वनीवरून.

स्टेनलेस स्टीलच्या वेल्डमध्ये हे काम आणखी अवघड. वितळलेला धातू गोठताना त्यात लांब, स्तंभासारखे जाड कण तयार होतात. ते ध्वनीला विखुरतात, वाकवतात, वाट चुकवतात. पडद्यावर गवतासारखी गर्दी होते आणि खरा प्रतिध्वनी तीत लपतो. म्हणून तपासनिसाला नुसतं प्रमाणपत्र असून भागत नाही. भेगा लपवलेल्या वेल्डच्या नमुन्यांवर त्याची परीक्षा घेतात. त्या भेगाही खऱ्या असाव्या लागतात, करवतीने पाडलेली खाच फार सहज सापडते. त्यासाठी नमुना तापवून त्यावर गार पाणी मारायचं, पुन्हा तापवायचं, पुन्हा गार करायचं, आणि धातूला थकवून भेग मुद्दाम वाढवायची, असा उद्योग आज केला जातो.

एवढं सगळं असूनही एका केंद्रात वेल्ड हजारो असतात. सगळे तपासायचे तर वेळ पुरत नाही, आणि प्रत्येक तासाला माणसांना किरणोत्साराचा डोस मिळत असतो. तेव्हा खरा प्रश्न उरतो तो आधी कुठे पाहायचं हा. सिवोनंतर त्याचं उत्तर पाण्याच्या वागण्यातून शोधू लागले. गरम-गार कुठे भेटतं, कुठला पाइप आडवा आणि संथ आहे, कुठला बंद व्हॉल्व्ह झिरपू शकतो. संशयाच्या जागी पाइपवर बाहेरून तापमापक बांधून वर्षानुवर्षं नोंदी ठेवायच्या आणि त्यांवरून आतल्या भिंतीचं तापमान उलटं गणित करून काढायचं. हा मार्ग मला शंभर टक्के योग्य वाटतो. पण त्यालाही मर्यादा आहे हे पुन्हा सिवोनेच दाखवलं.

२०२१ च्या अखेरीस सिवोच्या पहिल्या अणुभट्टीची दहा वर्षांनी होणारी मोठी तपासणी चालू होती. आणीबाणीचं पाणी सोडणाऱ्या पाइपांच्या एल्बोजवळ औष्णिक थकव्याच्या भेगा आहेत का, हे यूटीने पाहत होते. काही प्रतिध्वनी संशयास्पद वाटले. पाइपचे तुकडे कापून प्रयोगशाळेत नेले. भेगा होत्या, पण थकव्याच्या नव्हत्या. त्या ताण-गंजाच्या होत्या, ताण आणि गंज यांनी मिळून पाडलेल्या, धातूच्या कणांमधल्या सीमांवरून सरकत गेलेल्या. असा आजार उकळत्या पाण्याच्या अणुभट्ट्यांमध्ये १९७० आणि १९८० च्या दशकांत जगभर दिसला होता. तारापूरच्या १९६९ साली सुरू झालेल्या पहिल्या दोन अणुभट्ट्या त्याच प्रकारातल्या. दाबयुक्त पाण्याच्या अणुभट्टीत पाण्यातला ऑक्सिजन इतका कमी राखतात की या पाइपांना तो होईल असं कोणी मानत नव्हतं. कारणं तपासली तेव्हा पुन्हा पाण्याचे थरच पुढे आले. त्या पाइपची मांडणी अशी होती की त्यात गरम-गार थर पडत आणि वेल्डवर वाकवणारा ताण येई. मग जुन्या तपासण्यांच्या नोंदी पुन्हा वाचल्या. काही प्रतिध्वनी आधीही दिसलेले होते. थकव्याच्या भेगेसारखे ते दिसत नव्हते, म्हणून वेल्डच्या आकारामुळे आले असावेत असं समजून सोडून दिले गेले होते.

यानंतर फ्रान्सच्या सरकारी वीज कंपनीने, ईडीएफने, एकामागून एक अणुभट्ट्या तपासणीसाठी बंद केल्या. सुरुवातीला पाइप कापून पाहिल्याशिवाय खात्रीने सांगता येत नव्हतं, त्यामुळे तपासणी म्हणजेच दुरुस्ती. अमेरिका आणि कॅनडाहून वेल्डर बोलवावे लागले. या तपासण्या आणि इतर कामं मिळून २०२२ मध्ये फ्रान्सची अणुवीज २७९ टेरावॉट-तासांवर आली, १९८८ नंतरची सर्वांत कमी. वर्षानुवर्षं वीज निर्यात करणारा देश त्या वर्षी आयातदार झाला. त्या वर्षाच्या उत्तरार्धात यूटीची सुधारित पद्धत तयार झाली आणि कापाकापी बरीच कमी झाली. रत्नागिरी जिल्ह्यात जैतापूरला सहा अणुभट्ट्यांचा प्रस्ताव आहे तो याच कंपनीच्या आराखड्याचा, आणि त्या आराखड्याला सिवोच्या पिढीच्या अणुभट्ट्यांचा वारसा आहे. म्हणून कोकणातल्या वाचकाने सिवोची हकिकत परकी मानू नये. पाण्याचे प्रवाह कुठे मिसळतात, कुठे थर पडतात, तिथले वेल्ड किती वर्षांनी आणि कोणत्या पद्धतीने पाहणार, हे प्रश्न आराखड्याच्या पातळीवरच विचारण्यासारखे आहेत.

२०२३ च्या मार्चमध्ये इंग्लिश खाडीकाठच्या पेनली केंद्रातून आणखी बातमी आली. पहिल्या अणुभट्टीतल्या एका वेल्डजवळ १५५ मिलिमीटर लांबीची ताण-गंजाची भेग होती आणि २७ मिलिमीटर जाडीच्या भिंतीत ती २३ मिलिमीटर खोल गेली होती. ज्या लाइनवर हा वेल्ड होता ती तिच्या मांडणीमुळे या आजाराला बळी पडणार नाही असं मानलं गेलं होतं. थर पडण्याच्या हिशेबाने ते चूकही नव्हतं. पण बांधकामाच्या वेळी हा वेल्ड नीट बसला नव्हता आणि तो दोनदा दुरुस्त केला गेला होता. दुरुस्तीत धातूला पुन्हा उष्णता दिली गेली, आणि गार होताना धातूत जे ताण अडकले ते तीस-पस्तीस वर्षं तिथेच राहिले. त्याच सुमारास पेनलीच्या दुसऱ्या अणुभट्टीत १२ मिलिमीटर आणि कातनोमच्या तिसऱ्या अणुभट्टीत ४ मिलिमीटर खोलीच्या भेगा सापडल्या. या दोन्ही मात्र औष्णिक थकव्याच्याच होत्या. ईडीएफने तपासणीचा क्रम बदलला. बांधकामाच्या काळातली वेल्डिंगची कागदपत्रं पुन्हा बाहेर काढून, दुरुस्ती झालेले तीनशेहून अधिक वेल्ड निवडून, ते आधी तपासायला घेतले.